युद्धात पडझड झालेली इमारत स्मारक म्हणून ‘आहे तशी’ कशी जपतात? नुसती सोडून दिली तर उभी राहत नाही का?

नाही राहत. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो आणि पाणी थेट गाभ्यात उतरतं. थंड प्रदेशात ते गोठून साधारण ९ टक्के फुगतं आणि सांधे सुटतात. आतल्या लोखंडाला गंज चढला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, मग विटा आतून फुटतात. त्यात आगीत भाजलेला दगड आधीच कमकुवत झालेला असतो.

म्हणून टेकू देऊन झाले की आधी ढिगारा उपसायची घाई करू नका. फोटो, लेझर स्कॅन, पडलेल्या दगडांवर क्रमांक, हे सगळं आधी. मग माथा. सुटे थर चुन्याच्या मसाल्यात पुन्हा बसवायचे आणि वर पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा. इथे हमखास सिमेंट वापरलं जातं, आणि तिथेच घात होतो. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं. सांध्यातून ओल बाहेर पडेनाशी झाली की ती विटेतून निघते, क्षार साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. गोळ्यांची भोकं बुजवायची नसतात. खालच्या कडेला चुन्याचा जरासा उतार दिला की पाणी साचत नाही आणि खूणही राहते.

भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. उन्हाळ्या-हिवाळ्यातही भेग थोडी उघडझाप करते, त्यामुळे निदान वर्षभर नोंद ठेवल्याशिवाय ती भरू नये.

अणुबॉम्बने पडझड झालेल्या इमारतीचा हिरोशिमाचा घुमट १९४५ पासून तसाच उभा आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १९६७ मध्ये त्याच्या भेगांत एपॉक्सी (घट्ट होणारा कृत्रिम राळेचा चिकट पदार्थ) भरलं, आतून पोलादी आधार दिले. १९८९ मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती काढावी लागली. एपॉक्सी एकदा भरलं की परत काढता येत नाही, म्हणून माझ्या मते तो शेवटचा उपाय.

तांत्रिक बाजूइतकाच लोकमताचाही भाग असतो. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म चर्चचा १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मोडलेला मनोरा पाडून नवं चर्च बांधायचा बेत होता; लोकांनी ओरड केली, मनोरा राहिला आणि नवी वास्तू शेजारी उभी राहिली. असा निर्णय झाला की त्याच ठरावात दरवर्षीच्या देखभालीची तरतूद लिहून घ्या. उद्घाटनाला पैसे मिळतात, पन्हळीतला पाला काढायला मिळत नाहीत.