डोमेन विकायला बसताय? रिन्यूअलचा भाव आधी दाखवा
डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, पहिल्या वर्षाचा भाव पाडला की गिऱ्हाईक येतं, हे खरं. पण खरी कमाई रिन्यूअलमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणात असते, म्हणूनच तो आकडा लपवायचा मोह होतो. तो त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा. जादा सेवांवर आधीच टिक करून ठेवू नका.

सगळ्यात जपायची ती मालकी. डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवा. सोयीच्या नावाखाली स्वतःचा ईमेल घालणारे रीसेलर, म्हणजे मधले विक्रेते, पुष्कळ आहेत. पुढे बिनसलं की त्या माणसाची वेबसाइट, मेल, सगळंच अडकतं. मला याची फार चीड येते.

कुणी सोडून निघालं तर डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा ट्रान्सफर कोड त्याच दिवशी द्या. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या नियमाने रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला, तो 5 दिवसांत द्यावाच लागतो. मुदतीच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण पाठवणं हाही नियमच; ती जाहिरातींच्या मेलमध्ये पुरू नका. मुदत उलटून नाव डिलीट झालं तरी 30 दिवस ते परत मिळवता येतं, पण भुर्दंड जबर बसतो. त्या भुर्दंडावर कमाईचा हिशोब मांडू नका. नाव डिलीट होण्याआधी ग्राहकाला एक फोन करा.