पिंपळपानांच्या बाह्यरेषांचं फूरिये विश्लेषण (बाह्यरेषा लहानमोठ्या लंबवर्तुळांच्या बेरजेत मांडणं) केलं, तर पीसीएत (आकारांमधले मुख्य फरक मोजक्या अक्षांवर दाखवणाऱ्या आलेखात) दोन वेगळे गट का दिसतात?

हे गट बहुधा खोटे आहेत. सामान्यीकरणात, म्हणजे सगळी पानं एकाच मापात आणि दिशेत आणताना, काही पानं उलटी झाली असणार. आर या संगणकभाषेतल्या मोमॉक्स पॅकेजचं ‘ईफूरिये’ हे फंक्शन पानाची दिशा आणि आरंभबिंदू पहिल्या हार्मोनिकच्या (त्या बेरजेतल्या पहिल्या पदाच्या) लंबवर्तुळावरून ठरवतं. पिंपळपान रुंद, लंबवर्तुळ जवळपास वर्तुळच, त्यामुळे मोठा अक्ष डळमळतो आणि देठ कधी इकडे, कधी तिकडे. पीसी१च्या (पीसीएतल्या पहिल्या अक्षाच्या) दोन टोकांचे आकार एकमेकांचे उलटे दिसले, तर शंकाच नको. उपाय असा: देठाचा सांधा आणि शेपटीचं टोक यांवर लँडमार्क (प्रत्येक पानावर त्याच जागी ठेवलेले खूणबिंदू) लावा, ‘कू_बुकस्टाइन’ने पानं जुळवा, ‘कू_स्लाइड’ने आरंभबिंदू सांध्यावर आणा, मग ‘नॉर्म = फॉल्स’ ठेवून, म्हणजे आपोआप होणारं सामान्यीकरण बंद करून, ईफूरिये चालवा. मात्र बुकस्टाइन त्या दोन बिंदूंमधलं अंतर १ धरतं, म्हणून लांब शेपटीचं पान उगाच अरुंद भासतं; शेपट्या फार कमीजास्त असतील तर तीन-चार लँडमार्क घेऊन प्रोक्रस्टीझ (सगळे बिंदू एकदम शक्य तितके जुळवणारी पद्धत) बरं.