गणिती मॉडेलं खरंच पाण्याचं नियोजन करतात, की नुसते पेपर छापतात?

प्रश्न असा आहे: "मी बीएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाणी, मासे, जंगल यांच्या व्यवस्थापनात गणिती मॉडेलं प्रत्यक्षात वापरतात का?"

वापरतात. पण बरेचदा त्याला सातवीच्या पुढचं गणित लागत नाही, हे तुम्हाला जरा खटकेल. मलाही खटकलं होतं. एमएस्सी करून मी दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाच्या कामावर गेलो, तेव्हा डोक्यात डिफरन्शियल इक्वेशन्स होती आणि हातात आली विहिरीत सोडायची टेप.

१००० हेक्टरचं एक गाव धरा, पाऊस ५०० मिलिमीटर. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा गावावर पडलं ५०० कोटी लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. आता मे महिन्यात आणि ऑक्टोबरात विहिरींची पातळी मोजा. समजा सरासरी ३ मीटरने वर आली. पण ते ३ मीटर काही सगळं पाणी नसतं, खडक असतो. आपल्या बेसाल्टचा झिजलेला थर साधारण २ टक्के पाणी सोडतो. याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. क्षेत्र गुणिले चढ गुणिले हे २ टक्के, म्हणजे ६० कोटी लिटर. झालं मॉडेल. सरकारी भूजल मूल्यांकनाच्या मुळाशीही हाच गुणाकार आहे, वर पावसाळ्यातला उपसा वगैरे दुरुस्त्या.

२००० माणसांना माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला ४ कोटी. जनावरांना २ कोटी. उरले ५४. उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर लागतं. पावसाचं वजा करून दीड धरा, तरी ३६ हेक्टरांत गावाची तिजोरी रिकामी. तेच पाणी हरभऱ्याला हेक्टरी २५ लाख लिटरच्या हिशेबाने दोनशे हेक्टरांवर पुरतं. ग्रामसभेत हे दोन आकडे फळ्यावर लिहिले की जी शांतता पसरते, ती मला कुठल्याही सेमिनारमध्ये मिळालेली नाही. (मग कोणीतरी "उसाला भाव आहे, हरभऱ्याला काय आहे?" असं विचारतो. तो बरोबरच असतो, पण तो वेगळा प्रश्न.) हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडूनच ग्रामसभा पिकं ठरवते आणि शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. ही बंदी नसती तर ताळेबंदाला अर्थ राहिला नसता, कारण एकाने खोल बोअर मारली की बाकीच्यांची बेरीज चुकते.

आता खरी मेख. ते २ टक्के कुठून आले? मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांच्या खडकात ३ असतील, घट्ट काळ्या पाषाणात १ सुद्धा नसेल. १ आणि ३ मध्ये तुमचं उत्तर तिप्पट फिरतं, समीकरण मात्र तेच. आणि चढ कुठे मोजला? आमच्या पहिल्या वर्षी आम्ही सहा विहिरी निवडल्या, सगळ्या रस्त्याकडेच्या, त्यातल्या तीन सिमेंट बंधाऱ्याखालच्या, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी झिरपून भरणाऱ्या. सरासरी चढ ५ मीटर. आम्ही गावाला छाती ठोकून १०० कोटी लिटर सांगितले. लोकांनी उन्हाळी कांदा लावला आणि फेब्रुवारीत माळावरच्या विहिरींनी तळ दाखवला. कांदा गेला. मला कोणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

याच चुकीचा थोरला भाऊ कॅनडात आहे. तिथे न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा किती उरलाय याचा अंदाज काही अंशी ट्रॉलरांना तासाला किती मासा मिळतो यावर बांधलेला होता. कॉड कमी झाला की उरलेला एकत्र गोळा होतो आणि जहाजावरचं सोनार (आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं यंत्र) त्याला बरोबर हुडकतं. त्यामुळे जाळी भरत राहिली आणि समुद्र रिकामा होत गेला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. मॉडेल पुस्तकी असेल, पण बुडाले ते मोजमापामुळे. आमच्या बंधाऱ्याखालच्या विहिरी आणि त्यांची भरलेली जाळी एकाच माळेचे मणी.

म्हणून तुम्हाला सल्ला: समीकरणं सोडवता येतातच, आता संख्याशास्त्र पक्कं करा. नमुना कसा निवडायचा आणि एक आकडा हलवला तर उत्तर किती हलतं, एवढं तरी. ग्रामसभेला एकच आकडा देऊ नका. "४० ते ८० कोटी, आपण ४० धरून चालू" असं सांगा. शेतकऱ्याला हे समजतं, तो पावसावर आयुष्यभर हेच करत आलाय.

आणि सुट्टीत गावी गेलात तर एक विहीर मोजून बघा. काठावर ऑइलपेंटने खूण करा, नाहीतर दर खेपेला वेगळ्या दगडावरून मोजाल. मोटर चालू असताना मोजू नका. शेतीची लाइट रात्रीची असेल तर सकाळी ती गेल्यावर तीन-चार तास थांबा, विहिरीला पाणी भरू द्या, मग टेप सोडा.