बालीला आईवडील आणि मुलांना घेऊन जातोय, सगळे शाकाहारी. तिथले कोणते गोड पदार्थ खाऊन पाहावेत?

आम्ही आई आणि दोन मुलांसह बालीतल्या उबुद गावी पाच दिवस होतो. पहिलं सांगणं हे, की सकाळी सातच्या आत बाजार गाठा. हॉटेलच्या नाश्त्याला केक मिळतो, पण तिथलं खरं गोडधोड, ज्याला ते ‘जाजे’ म्हणतात, बाजारात केळीच्या पानावर मिळतं. तांदळाची पिठी, ओला नारळ आणि माडाचा गूळ, बहुतेक सगळं यातच.

सुरुवात ‘दादर गुलुंग’ने करा. दादर म्हणजे घावनासारखी पातळ पोळी, गुलुंग म्हणजे गुंडाळी. पोळी हिरवीगार, कारण पिठात पांदान या पानाचा रस असतो. पांदान केवड्याच्याच कुळातलं, पण वास बासमतीसारखा. आत गुळात शिजवलेलं खोबरं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर आपलं मोदकाचं सारण! फक्त वेलची घालायची राहिलीये.” त्यानंतर ती रोज माझ्याआधी तयार होऊन बसायची.

या पोळीत मात्र अनेकदा अंडं घालतात. ‘तेलूर’ म्हणजे अंडं, ‘तांपा तेलूर’ म्हणजे अंड्याशिवाय. हे दोन शब्द पाठ करून जा.

मुलांचं आवडतं ‘क्लेपोन’. चिकट तांदळाच्या पिठीची गोळी, आत गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगली की झाली, मग खोबऱ्यात घोळवतात. आत गुळाचा पाक झालेला असतो, म्हणून अख्खी तोंडात टाकून ओठ मिटून चावायची. आमच्या धाकट्याने अर्धी चावली आणि पाक शर्टभर उडाला. ताजी असेल तर पाक चांगलाच पोळतो, वडीलधाऱ्यांना जरा थांबून द्या.

‘बुबुर इंजिन’ ही काळ्या तांदळाची खीर. वरून नारळाचं दूध, त्यात चिमूटभर मीठ. त्या मिठानेच गूळ खुलतो. मला सगळ्यात हीच आवडली.

ओल्या नारळाचं असल्यामुळे यातलं काही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, तिथल्या उकाड्यात आंबतं. आणि ‘लकलक’ दिसली, म्हणजे मातीच्या साच्यात भाजलेले आप्प्यांसारखे छोटे घावन, तर बांधून घेऊ नका. गार झाली की चिवट होते. तिथेच उभ्याने, वरून गुळाचा पाक घालून घेऊन खा.