पाचवीतले उपक्रम आणि पालकांची धास्ती

मूल पाचवीत गेले की पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावू लागते : शाळेत अभ्यासापेक्षा उपक्रमच जास्त चालतात, मोठी मुले म्हणून कामेही यांच्याच गळ्यात पडतात, मग पुढच्या परीक्षांत मूल टिकणार कसे? नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकला आहे की, त्याचे उत्तर एका प्रकरणाच्या आधारे सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.

सिडकोत राहणारे हे आईवडील आपल्या पाचवीतल्या मुलीला घेऊन आले. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात, आई घरून शिवणकाम करते. मुलीच्या पोटात वरचेवर दुखत होते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून काही दोष नसल्याचे सांगितले होते. आईचे म्हणणे स्पष्ट होते : “मॅडम, ही शाळेत परसबागेला पाणी घालते, दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते, ग्रंथालयाची वही सांभाळते. गणिताची वही मात्र लाल शेऱ्यांनी भरली आहे. आम्ही तर दिवाळीनंतर शाळाच बदलायच्या विचारात आहोत.” वडिलांनी त्यात भर घातली की, आता पाचवीत नापास करतात असे त्यांनी ऐकले आहे, म्हणून शाळा सुटल्यावर कॉलेज रोडवरचा एक क्लासही लावला आहे.

पालकांच्या या धास्तीमागे त्यांचे स्वतःचे बालपणही असते, हे मला महत्त्वाचे वाटते. आजच्या पालकांच्या पिढीतील अनेकांची प्राथमिक शाळा चौथीला संपली आणि पाचवीत ते हायस्कूलमध्ये गेले. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, तासांची घंटा, घटक चाचण्या, म्हणजे ‘मोठी शाळा’. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर ठरवला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 अध्यापन तास, तर सहावीपासून 220 दिवस आणि 1000 तास अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणजे ज्या वर्गाची पालकांच्या मनातली जागा हायस्कूलच्या पहिल्या बाकावर आहे, तो वर्ग आज कायद्यानुसार प्राथमिक शाळेतला सर्वांत थोरला वर्ग आहे. शाळा त्यांच्याकडे थोरली भावंडे म्हणून पाहते आणि पालक भावी स्पर्धक म्हणून. त्यामुळे दोघांच्या अपेक्षा एकमेकींना भेटतच नाहीत.

परीक्षेबद्दलची माहिती मी त्यांना आधी नीट सांगितली, कारण अर्धवट माहितीची भीती मुलांपर्यंत फार लवकर पोहोचते. कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीच्या आधारे महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेतली जाते. तीत मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते; त्यातही यश आले नाही तरच त्याला त्याच वर्गात ठेवता येते, आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे ऐकल्यावर वडिलांचा ताण बराच सैलावला.

त्यानंतर मुलीची वही पाहिली. आयताची लांबी 8 सेंमी, रुंदी 5 सेंमी, परिमिती काढा. तिने उत्तर लिहिले होते 13. मी वही बाजूला ठेवली आणि परसबागेबद्दल विचारले. मेथीचा वाफा केवढा आहे, त्याला कडेने सुतळी किती लागली? ती लगेच म्हणाली, “वाफा दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे. सुतळी सहा मीटर लागली, पण गाठी मारायला मॅडमनी थोडी जास्त घ्यायला लावली.” सहाच मीटर कशी, असे विचारल्यावर तिने टेबलाच्या चारही कडांवरून बोट फिरवून दाखवले. मग मी काही न बोलता वही पुन्हा तिच्यासमोर सरकवली. तिने आकृतीभोवती तसेच बोट फिरवले, 13 खोडले आणि 26 लिहिले. आई हे सगळे पाहत होती.

हा प्रसंग पाहून ‘उपक्रमांतूनच मुले खरे शिकतात’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अपुरा ठरला असता. त्याच वहीत भागाकाराची उदाहरणे होती. 1224 ला 12 ने भागून तिने उत्तर लिहिले होते 12; भागाकारातले मधले शून्य ती प्रत्येक उदाहरणात गाळत होती. परसबाग, ग्रंथालय किंवा बालसभा यांपैकी कशानेही ही त्रुटी भरून निघणार नव्हती. स्थानिक किंमत पुन्हा समजावून घेऊन, शेजारी बसून, रोज चार-दोन उदाहरणे सोडवण्यावाचून त्याला पर्याय नव्हता. पालकांची काळजी पूर्णपणे निराधार नव्हती, एवढेच नव्हे तर तिच्यात एक नेमकी गोष्ट दडलेली होती, जी ‘अभ्यास कमी होतो’ या सरसकट तक्रारीखाली झाकली गेली होती.

दोघांच्या संमतीने मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांचे नियोजन विचारपूर्वक केलेले होते. पाचवीची मुले गटागटाने, दर पंधरवड्याला आलटून पालटून, परिपाठाचे संचालन, परसबाग, ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव आणि दुसरीच्या वर्गात प्रकट वाचन अशी कामे करत. बागेतली भाजी शालेय पोषण आहाराच्या खिचडीत जाई आणि तिच्या वजनाची नोंद मुले ठेवत. शनिवारी दप्तर नसे. बाईंच्या टाचणात, म्हणजे पाठांच्या नियोजनाच्या वहीत, प्रत्येक कामापुढे मोजमाप, वाचन, नोंदी असा हेतू लिहिलेला होता, आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना स्थान असल्यामुळे ते योग्यही होते. उणीव दोन ठिकाणी होती. सुतळी मोजणारी मुले वर्गात परतल्यावर त्याच मोजमापाचे गणित वहीत मांडत नव्हती. आणि प्रगतिपत्रकात पालकांना वाचायला मिळत होते एवढेच, की ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होते’. एवढ्या वाक्यावरून आईने काय समजावे?

आईचा एक आक्षेप मात्र मी जसाच्या तसा पुढे ठेवला, कारण तो मला रास्त वाटला. स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी गणिताचे तास जात होते, आणि पाहुणे यायचे असले की रांगोळी व स्वागताला मुलींनाच पाठवले जात होते. ज्या कामातून मुलाला मोजावे, वाचावे, ठरवावे किंवा समजावून सांगावे लागत नाही, ते काम थोरल्या मुलांकडून करून घेण्याला उपक्रम म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. बाईंनी ते शांतपणे ऐकले आणि तालमी शेवटच्या तासाला घेण्याचे कबूल केले.

पोटदुखीचा उलगडा मुलीशी स्वतंत्र बोलल्यावर झाला. दुखणे क्लासच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या सुमारास सुरू होई. क्लासमध्ये उत्तर चुकले की उभे राहावे लागे आणि तिथे तिचे बरेचसे भागाकार चुकत. दुसरीच्या वर्गात मात्र मुले तिला ‘ताई, आज कोणती गोष्ट?’ म्हणून गराडा घालत, हे सांगताना तिचा चेहरा खुलला. तिथे आपण उपयोगी आहोत, हे तिला जाणवत होते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी वयातला मुख्य पेच हाच मानला आहे : मुलाला ‘मला हे जमते’ असा अनुभव मिळतो, की आपण इतरांपेक्षा कमी आहोत ही भावना त्याच्यात घर करते. शाळा बदलून पालक नेमका तो एक आधार काढून घेणार होते आणि ज्या ठिकाणी ती वारंवार कमी ठरत होती, ते ठिकाण तसेच ठेवणार होते.

आम्ही ठरवले ते साधे होते. शाळा बदलायची नाही. क्लास थांबवायचा आणि वडिलांची पाळी सकाळची असेल त्या आठवड्यात संध्याकाळी त्यांनी, एरवी आईने, अर्धा तास फक्त भागाकार घ्यायचा. चूक झाली तर खोडून पुन्हा मांडायचे, बोलणी नाहीत. पुढे नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा द्यायची की नाही, हे भागाकार पक्का झाल्यावर मुलीला विचारून ठरवायचे. बाईंनी उपक्रमाची एक वही सुरू केली : डाव्या पानावर काय केले, उजव्या पानावर त्याच कामातले एक उदाहरण. ती वही दर शनिवारी घरी जाते. शिवाय ‘शाळेत आज काय शिकवले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय मोजले, कोणाला काय समजावून सांगितले?’ असे विचारायला मी आईला सुचवले, कारण पहिल्या प्रश्नाला मुलगी ‘काही नाही’ म्हणून मोकळी होत असे.

शाळेच्या दुसऱ्या सत्रात ते पुन्हा भेटायला आले, तेव्हा पोटदुखी थांबली होती. भागाकारातले शून्य आता बहुतेक वेळा जागेवर येते, घाई झाली की अजूनही गळते. त्यासाठी सराव चालू ठेवायला सांगितले आहे. आईने सोबत आणलेल्या उपक्रम वहीत बागेतल्या पालक भाजीच्या वजनाची नोंद होती आणि तिच्यासमोर प्रश्न : 3 किलो 600 ग्रॅम पालक 12 जुड्यांत सारखा वाटला, तर एका जुडीचे वजन किती? उत्तर 300 ग्रॅम, दोन्ही शून्यांसह. येत्या पालकसभेत अशी वही पाचवीच्या सगळ्याच मुलांसाठी असावी, असे आईवडील स्वतःहून मांडणार आहेत आणि बाईंचीही त्याला तयारी आहे.