टोपण उघडण्याआधी : जुन्या ब्रिटिश गाड्यांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांपैकी निम्मी ब्रेकच्या 'तेला'बद्दल आहेत. मागच्या खेपेलाही होती. तेल म्हणतात इथूनच घोळ सुरू होतो. पण आधी किरकोळ प्रश्न उरकून घेतो.

रोल्स-रॉइसची पुढची जाळी खरोखर चांदीची असते का? विकणारा तसं सांगतोय.

नाही. स्टेनलेस स्टीलची असते. फार जुन्या गाड्यांत जर्मन सिल्व्हर नावाचा मिश्रधातू सापडतो, त्यातही चांदी फक्त नावात. विकणाऱ्याने आणखी काय काय सांगितलंय तेही एकदा तपासून घ्या.

सीटच्या चामड्याला बारीक भेगा पडल्या आहेत. चकाकी आणणारं क्रीम लावू का?

नको. सिलिकॉनवालं क्रीम चार दिवस चमकतं, आणि पुढे रंग द्यायची वेळ आली की नवा रंग धरू देत नाही. ओलसर फडकं, सौम्य साबण, गाडी सावलीत. भेगा खोल असतील तर चामड्याचं काम करणाऱ्यालाच दाखवा.

गाडी वर्षभर उभी असते. महिन्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. पुरेसं आहे ना?

पुरेसं सोडा, उलट नुकसान आहे. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. दहा मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, त्यामुळे ती वाफ आतच थिजते आणि तो आतून सडतो. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि एवढं करून ब्रेक हलले नाहीत, गिअरबॉक्स फिरला नाही, टायर त्याच जागी दबून राहिले. गाडी बाहेर काढा आणि ऑइल नीट तापेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर चालू करूच नका, बॅटरी सोडवून ठेवा. वर्षाहून जास्त उभी असेल तर किल्लीला हात लावण्याआधी ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप जाणकाराकडून तपासून घ्या.

माझी सिल्व्हर शॅडो १९७६ची आहे. ब्रेकच्या टाकीतली लेव्हल खाली गेली आहे. गॅरेजवाला म्हणतो, 'रोल्सला हिरवंच तेल लागतं, भरून टाकू.' टाकू का?

अजिबात नाही. या एका वाक्यापायी किती गाड्या मी मुळापासून खोलल्या, त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

आधी मूळ समजून घ्या. शॅडो १९६५ साली आली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि ओझं कितीही असलं तरी गाडी समपातळीत ठेवणारी हायड्रॉलिक्सची व्यवस्था, तिचा परवाना सिट्रोएन या फ्रेंच कंपनीकडून घेतलेला. इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या व्ही आकाराच्या खाचेत कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर) चालणारे दोन पंप असतात. ते फ्लुइड दाबून दोन गोळ्यांत साठवतात. गोळ्याच्या आत पडदा असतो, पडद्यापलीकडे नायट्रोजन. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ब्रेकला जोर पायाचा नसतो, या साठवलेल्या दाबाचा असतो. हा दाब साधारण २,५०० पीएसआय, म्हणजे टायरच्या हवेच्या ऐंशीपट धरा.

या व्यवस्थेत जातं ते आरआर ३६३. ते ग्लायकॉलवरचं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रसायनाचं, ब्रेक फ्लुइड आहे, त्यात वंगणासाठी एरंडेल घातलेलं. हिरवं मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेल, आलं ते पुढच्या पिढीत, १९८०च्या सिल्व्हर स्पिरिटच्या सुमारास. दोन्हींची रबरं वेगळी. ग्लायकॉलसाठी केलेलं रबर मिनरल ऑइलमध्ये फुगतं. मिनरलसाठीचं रबर ग्लायकॉलमध्ये खराब होतं. तेव्हा 'रोल्सला हिरवं लागतं' हे अर्ध्या रोल्सच्या बाबतीत खरं आहे, आणि तुमची गाडी दुसऱ्या अर्ध्यात येते.

मध्यंतरी एक शॅडो टोचन करून आणली होती. पेडलवरून पाय काढला तरी पुढची चाकं सुटेनात. टाकीचं टोपण काढलं तर आतल्या काठाला हिरवट कड दिसली. मालक म्हणाले, 'अर्धी बाटलीच घातली होती.' कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, उघडून रबरी सील बाहेर काढलं. ते ज्या खोबणीतून आलं त्याच खोबणीत परत बसेना, इतकं फुगलेलं. नखाने दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली. मग पंप, गोळे, व्हॉल्व्ह, चारही कॅलिपर, सगळे होज असं सगळं उतरवलं. अर्ध्या बाटलीपायी गाडी कित्येक महिने स्टँडवर होती, आणि त्यातले निम्मे दिवस मालकांनी 'एकदा फ्लश करून बघू' म्हणण्यात घालवले. फ्लश केल्याने फुगलेलं रबर आटत नाही.

टाकीत सध्या काय आहे याचा संशय असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि टाकीतले दोन थेंब त्यात सोडा. पाण्यात मिसळले तर ग्लायकॉल. वर तरंगले तर मिनरल, आणि तसं झालं तर गाडी जागेवरून हलवू नका. जुन्या-नव्या पद्धतींच्या उंबरठ्यावरची कॉर्निश किंवा कमार्ग ही रोल्सची मॉडेल्स असतील तर सालावरून अंदाज बांधू नका. चासी नंबर घेऊन माहीतगाराला विचारा.

दुसरं म्हणजे, लेव्हल खाली का गेली? बहुधा फ्लुइड कुठेतरी गळतंय म्हणून. नुसतं भरून टाकणं म्हणजे गळक्या घराखाली बादली ठेवणं. शिवाय ग्लायकॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं असतं. पाच-पाच वर्षं न बदललेलं फ्लुइड मी चहाच्या रंगाचं काढलेलं आहे.

एक तपासणी घरी करता येते. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, किल्ली चालू स्थितीत ठेवा, पेडल पुन्हा पुन्हा पूर्ण दाबा आणि मोजा. ब्रेक प्रेशरचा लाल दिवा आठ-दहा वेळांतच लागला तर गोळ्यातला नायट्रोजन गेलाय. गोळा स्वतः खोलू नका, त्यात दाब असतो. आणि ज्याने शॅडोचे ब्रेक आधी कधी केलेच नाहीत, त्याला तुमच्या गाडीवर शिकू देऊ नका.

मग आरआर ३६३ऐवजी डॉट ५ हे ब्रेक फ्लुइड चालेल का? अंक मोठा म्हणजे चांगलं ना?

नाही. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. डॉट ५.१ हे पुन्हा वेगळंच, ग्लायकॉलवरचं. त्यातही एरंडेल नाही, म्हणून तेही नको.

जॅग्वार एक्सजे१२ घेतली आहे. घाटात तापमानाचा काटा थोडा वर जातो, उतारावर खाली येतो. चालवत राहू का?

थांबा. हे व्ही-१२ इंजिन १९७१ साली आलं, ५.३ लिटरचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. जास्त तापलं की हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या, सैल होऊन गळून पडतात, आणि मग 'थोडा वर जातो' याची किंमत कळते. बहुतेक वेळा रेडिएटरचा खालचा भाग गाळाने बुजलेला असतो. समोरून बघून ते कळत नाही, काढून धुवावा लागतो. गळती थांबवणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात, त्यातली एकही यात ओतू नका. ती छिद्र बुजवते तशीच रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. काटा लालकडे सरकला तर गाडी बाजूला घ्या आणि टोचन बोलवा. घरी पोचण्यापुरतं चालवलेलं शेवटचं अंतरच हेड खोलायला लावतं, आणि या इंजिनाचं हेड स्टडना गंजून असं धरून बसतं की उतरवताना भल्या मिस्त्रीला घाम फुटतो.

इंजिनावरचे पेट्रोलचे होजही त्याच दिवशी बघून घ्या. त्या उष्णतेत रबर कडक होऊन तडकतं. आग लागायला तेवढं पुरतं.

१९९८ची एक्सजे८ सकाळी चालू करताना दोन सेकंद खडखडते. मित्र म्हणतो, जुन्या जॅग्वार अशाच असतात.

मित्राला गाडी दुरुस्त करता येते का? सुरुवातीच्या या व्ही-८ मध्ये टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बॉडी प्लास्टिकची होती, ती तडकते. चेन उडी मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. पुढे धातूच्या बॉडीचे टेन्शनर आले, ते बसतात. दाखवून खात्री होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

दिवे मंद आहेत. सगळे म्हणतात, ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्युकसची वायरिंगच टाकाऊ.

ल्युकसवरचे विनोद मलाही पाठ आहेत. पण दहातल्या आठ गाड्यांत मला गंजलेलं अर्थिंगच सापडलं. बॉडीला जिथे वायर टेकते तिथला गंज घासा. आणि गाडी साठच्या दशकातली असेल तर चार्जर लावण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, नाही ना, ते बघा.

बेंटली कॉन्टिनेंटल जीटी नव्या साध्या गाडीच्या भावात मिळतेय. घ्यावी?

गाडीची किंमत उतरली म्हणून पार्टची उतरत नाही. डब्ल्यू-१२ इंजिन बॉनेटखाली असं ठासून बसवलंय की बऱ्याच कामांना ते उतरवावं लागतं. बयाणा देण्याआधी स्वतंत्र मिस्त्रीकडून तपासणी करून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नको. मागच्या कामांची बिलं नसतील तर मी तरी घेणार नाही.

इंजिन मूळचंच आहे हे कसं कळणार? दलालाने कागदाची झेरॉक्स दाखवली.

झेरॉक्स म्हणजे पुरावा नव्हे. जॅग्वार असेल तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ नोंदींवरून दाखला देतो, त्यात इंजिन नंबर आणि मूळ रंग येतो. रोल्स किंवा जुन्या बेंटलीसाठी रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब, इंग्लंडमधल्या हंट हाउसमध्ये. तो दाखला हातात आला की टॉर्च घेऊन स्वतः वाका आणि ब्लॉकवर ठोकलेले आकडे वाचा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा आणि मला फोटो पाठवा.