आकडा मर्यादेत, झोप मात्र उडालेली

प्रश्न : बेडरूमच्या खिडकीसमोर, शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कूलिंगचे दोन मोठे पंखे बसवलेत, रात्रभर एकसुरी घूंऽऽ चालू. तक्रार केली तर माणूस मीटर घेऊन आला तो दुपारी ४ वाजता, आणि सगळं मर्यादेत आहे म्हणून निघूनही गेला. खिडकी लावली तर उलट जास्तच जाणवतं. घरचे म्हणतात तुला भास होतात. खरंच माझ्या कानांचा दोष आहे का?

उत्तर : कान ठणठणीत आहेत हो तुमचे, मोजायची वेळ चुकली आणि बहुतेक पद्धतही. दुपारी रस्त्याच्या गोंगाटात पंखा बुडूनच जाणार, त्यात काय ते मोजणार! युरोपात तर चोवीस तासांची सरासरी काढताना रात्रीच्या आवाजात १० डेसिबल जादा धरतात, संध्याकाळच्यात ५, कारण तोच आवाज रात्री जास्त छळतो हे नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मीटरवरचा तो आकडा बहुधा 'डीबीए' असतो, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खर्जातले आवाज मीटर आधीच कापून टाकतो. १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० कंपनं, म्हणजे खर्जच) जवळजवळ १९ डेसिबल गायब! एरवी हे ठीक आहे, पण घुमणाऱ्या मशीनला नेमका त्याचाच फायदा मिळतो. म्हणून रात्री, पंखे चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी मोजायला सांगा, आणि डीबीएसोबत 'डीबीसी'ही, म्हणजे खर्ज फारसा न कापता मोजलेला आकडा, लिहून घ्या. दोन्हीत १५-२० डेसिबलचा फरक निघाला तर खर्जाचा संशय पक्का, मग वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचं मोजमाप मागायचं. एकसुरी आवाज असला तर बऱ्याच नियमांत मोजलेल्या आकड्यात वर आणखी काही डेसिबल मिळवतात, ते धरलेत का हे विचाराच, कोणी आपणहून सांगत नाही.

खिडकीचंही तसंच. काच बारीक आवाज चांगला अडवते, जाडा आवाज फारसा नाही, मग बाकी सगळं शांत झालं की घूं एकटंच उरतं. खोलीच्या कोपऱ्यात तर ते आणखी वाढतं, तेव्हा तोवर पलंगाची उशीकडची बाजू कोपऱ्यातून हलवून बघा, फुकटचा उपाय आहे.

खरा इलाज मात्र पंख्यापाशीच. वेग थोडा उतरवला तरी पंख्याचा आवाज भरपूर उतरतो, २० टक्के कमी केला तर साधारण ५ डेसिबल, अर्धा केला तर १५. रात्री हवा थंड असते, कूलिंगही कमी लागतं, म्हणजे स्पीड ड्राइव्ह बसवून रात्रीपुरता वेग कमी ठेवायला हरकत कसली? भांडण्यापेक्षा ही मागणी करा, विजेचं बिल कमी होतं हे सांगितलं की लोक लवकर ऐकतात (स्वानुभव!). भिंतीला हात लावून थरथर जाणवत असेल तर मशीनखाली रबर नाहीतर स्प्रिंगचे पॅडही हवेत. भिंत बांधणं शेवटी, कारण १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब, ती भिंतीवरून आरामात वळून येते.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला झाडांची रांग लावली तर हॉर्न-इंजिनाचा आवाज कमी होईल ना? आणि आवाज मोजणाऱ्या मोबाईलमधल्या अ‍ॅपवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : झाडं लावा, पण सावलीसाठी. एका रांगेने आवाजात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, फार तर रस्ता दिसत नाही म्हणून मनाला बरं वाटतं. फटी नसलेली भिंत मात्र रस्ता नजरेआड होण्याइतकी उंच झाली की तिथूनच सुमारे ५ डेसिबल मिळायला लागतात, फट ठेवलीत तर पैसे पाण्यात. गाड्यांचा वेग जास्त असेल तर इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा असतो, तिथे वेगमर्यादा आणि गुळगुळीत डांबर जास्त कामाला येतं. हॉर्नला इंजिनिअरिंगचं औषध नाही, तिथे दंडच.

अ‍ॅप कालच्या-आजची तुलना करायला ठीक, तोच फोन, तीच जागा, वारा नसताना. तक्रारीत पुरावा म्हणून चालत नाही, त्यासाठी कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण आवाजाशी ताडून तपासलेला मीटरच लागतो.